धान्यामागून काय धाडावें?

दुष्काळपीडित मुलखांत धान्याचीं पोतीं पोंचलीं म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळ उदार दात्यांस वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. सन १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत जे लोक मेले, त्यांपैकीं बहुतेकांस हिवताप, पटकी, हगवण व देवी यांनीं नेलें. आणि नवें पीक हातीं आल्यावरहि, १९४४ सालीं, मृत्यूंचा क्रम चालूच राहिला. अशा समयीं शहरांतून धाडलेला डॉक्टर चार दिवस राहतो व परततो. मागें गांवांत कोण उरतें?

जामखेड हा अहमदनगर, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील अवर्षणाचा प्रदेश. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं तेथें १९७० सालीं काम आरंभिलें, आणि दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ अंगावर आला. परगांवच्या शिकलेल्या परिचारिका खेड्यांत रुळत ना. तेव्हां त्यांनीं गांवच्याच बायका निवडून शिकविल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या आठवड्यास जामखेडीं जमत, शिकत व आपले अनुभव सांगत. ज्यांच्या हातचें पाणीहि कोणी घेत नसे, त्यांच्या हातून पुढें बाळंतपणें होऊं लागलीं!

गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांस नवजात बालक तोलणें, त्यास ऊब देणें, श्वास कोंडल्यास उपाय करणें, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणें हें शिकविलें. तेथें १९९३-९५ मध्यें हजारीं सुमारें ६२ अर्भकें पहिल्या महिन्यांतच दगावत. १९९७-९८ मध्यें हा आंकडा सुमारें २५ वर आला.

२००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें साधारण हजार वस्तीस एक 'आशा' नेमण्याचें ठरविलें. परंतु तिला सरकारी नोकराचें वेतन नाहीं. मानधन व कामागणिक मोबदला यांवर ती राबते.

दात्यांस इमारत आवडते, कारण तीवर नांव कोरतां येतें. या कामांत खर्च पडतो तो मात्र न दिसणारा. एका शिबिरानें हें शिक्षण होत नाहीं. वारंवार उजळणी हवी, चुकल्यास समजावणारी जाणती परिचारिका हवी, औषधांची पेटी भरलेली हवी, अडलेल्या बाळंतिणीस रात्रीं नेण्यास वाहन हवें. शिकावयास येतांना तिची मजुरी बुडते, तीहि भरून दिली पाहिजे. यास्तव विनंति कीं, व्यापारी सद्गृहस्थांनीं मोठी रक्कम एकदांच न देतां तीच पांच वर्षांच्या वर्षासनरूपानें द्यावी, आणि जमीनदारांनीं वाड्यांतील एक खोली आठवड्यांतून एक दिवस या स्त्रियांच्या वर्गासाठीं मोकळी करून द्यावी.