पट्टीत राहिलेले फोटो

रोल धुवायला टाकला की दुकानदार एकच प्रश्न विचारायचा : सगळे काढायचे, की चांगले आलेले तेवढेच? मध्यमवर्गीय घरातून या प्रश्नाला उत्तरही एकच जायचं. प्रत्येक प्रिंटचे पैसे वेगळे, तेव्हा चांगले आलेले तेवढेच. आता ‘चांगले’ कोणते हे ठरवणारा माणूस म्हणजे लॅबमधल्या मशीनवर बसलेला एक अनोळखी तरुण. हललेला फोटो बाद, डोळे मिटलेला बाद, काळोखा आलेला बाद. आमच्या घराण्याचा दृश्य इतिहास अशा रीतीने त्या तरुणाने, बहुधा जेवणाच्या सुट्टीआधीच्या घाईत, संपादित केलेला आहे.

निगेटिव्ह मात्र सगळ्या परत मिळायच्या. चार-चार किंवा सहा-सहाच्या पट्ट्या कापून, पातळ पाकिटात घालून. मधलीच एक चौकट आवडली नाही म्हणून ती कापून टाकता येत नसे. कापायला गेलं तर शेजारचा चांगला फोटो हातचा जायचा. त्यामुळे बाद ठरलेले फोटो वाचले ते कुणाच्या दूरदृष्टीमुळे नाही. चांगल्यांच्या पट्टीला चिकटून ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसले, एवढंच. हौशी फोटोग्राफरांच्या घरी अशी पाकिटं आजही असतात. गेली काही वर्षं मी माझी एकेक करून काढतो आहे. मुंबईतल्या भटकंतीची, घरच्या सहलींची. कधी प्रिंट न झालेले, कुणाला न दाखवलेले फोटो त्यात भरपूर आहेत. त्यांतले बहुतेक वाईट आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

हौशी फोटोग्राफीची मुंबईतली परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली. अशा संस्था आणि त्यांच्या वळणावर चालणारे गावोगावचे क्लब यांनी हौशी माणसाला डार्करूम शिकवली, प्रकाश वाचायला शिकवला, हे ऋण मोठं आहे. पण त्यांनी एक आवडही घडवली. सलोनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धात्मक प्रदर्शनात, काय चालतं हे सगळ्यांना पाठ असायचं. धुक्यातली बैलगाडी, जाळं फेकणारा कोळी, सुरकुतलेल्या चेहऱ्याचे आजोबा, झाडांतून येणारे सूर्यकिरण आणि अर्थातच वारी. चौकटीत विजेची तार आली की परीक्षक नाक मुरडणार. जाहिरातीचा फलक आला की फोटो गेलाच.

ही आवड घेऊन हौशी माणूस रविवारी सकाळी फोर्टात जायचा. व्हीटीची इमारत घ्यायची तर समोरून बस निघून जाईपर्यंत थांबायचं. बस गेली की टॅक्सी यायची. टॅक्सी गेली की कुणीतरी पिशवी घेऊन नेमकं मधोमध रस्ता ओलांडायचं. शेवटी मोकळी इमारत मिळायची, तिचा मोठा प्रिंट व्हायचा आणि बस मधे आलेली चौकट पट्टीत राहायची.

आज दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर गंमत दिसते. इमारत १८८७ पासून आहे तिथेच आहे. नाव १९९६ मध्ये बदललं, दगड बदलले नाहीत. तिचा मोकळा, देखणा फोटो आजही कुणीही जाऊन काढू शकतो, आणि माझ्यापेक्षा बरा काढू शकतो. गेली ती बस. बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून निघाली, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात पद्मिनी टॅक्सीही. तेव्हाच्या निवडीत जे टिकाऊ ते ठेवलं गेलं आणि जे जाणार होतं ते ‘मधे आलं’ म्हणून बाजूला पडलं. पाकिटामागून पाकिटं पाहताना मला वारंवार हेच दिसतं. दादर चौपाटीवरून घेतलेला मावळतीचा फोटो अल्बमात आहे. त्याच रोलमधली बिनसूर्याची, नुसतं रिकामं क्षितिज असलेली चौकट नाही. २००९ मध्ये सी-लिंक झाल्यापासून तिथून तसं क्षितिज दिसत नाही. सूर्य मात्र रोज मावळतो. काळ्या घोड्याच्या भागात जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांवर काढलेल्या एका हललेल्या फोटोत पलीकडे ‘र्‍हिदम हाउस’ची पाटी अर्धवट आली आहे, ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. त्याच्या आदल्या वर्षी जहांगीरमधलं ‘समोवार’ हे उपाहारगृह गेलं, आणि तिथे इतके तास घालवूनही आतला एकही धड फोटो माझ्या संग्रहात नाही. चहा पिताना कॅमेरा पिशवीत असायचा.

सहलींच्या फोटोंची तऱ्हा वेगळी. तिथे सलोनचे नियम नव्हते, घरचे होते. माणसं समोर, स्थळ मागे, आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. ताजमहालापुढे, देवगिरीच्या तोफेपुढे, महाबळेश्वरच्या पॉइंटवर, सगळीकडे एकच रांग, उंचीप्रमाणे. ‘रोल फुकट घालवू नकोस’ हे वाक्य प्रत्येक हौशी फोटोग्राफराने घरी ऐकलेलं आहे, आणि ज्या दरात ती फिल्म मिळायची तो पाहता त्यात काही गैरही नव्हतं. वडिलांच्या पिढीकडे बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री होता. १२० च्या रोलवर बारा फोटो. त्यात पूर्व जर्मनीची ओर्वो किंवा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. बारा फोटोंत अख्खी काशीयात्रा बसवायची तर माणूस झाडाचा फोटो काढत नाही.

अजिंठ्याला फ्लॅशला बंदी, आत अंधार आणि कॅमेऱ्यात शंभर एएसएची फिल्म. अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. लेण्यांच्या आतले फोटो सगळे बाद. पण एका हललेल्या चौकटीत एका लेण्यातला राखणदार आहे. बाहेरचं ऊन मोठ्या पत्र्यावर घेऊन तो आतल्या भिंतीवर पाडतो आहे, आणि आमचं कुटुंब पाठमोरं, माना वर करून बघतं आहे. अजिंठ्याची चित्रं शेकडो पुस्तकांत उत्तम छापलेली आहेत. ती आम्ही कशी पाहिली हे फक्त या बिघडलेल्या फोटोत आहे. माथेरानच्या पाकिटातही तसंच. पॉइंटचे फोटो अल्बमात. नेरळहून वर चढणारी छोटी गाडी एका वळणावर थांबलेली असताना खिडकीतून घेतलेली, अर्धी मामाच्या कोपराने भरलेली चौकट पट्टीत. पॉइंटची नावं आता कुणाला आठवत नाहीत, कोपर मात्र सगळे लगेच ओळखतात.

पण या सगळ्यात मला सर्वात मोलाचे वाटतात ते रोल संपवण्यासाठी काढलेले फोटो. गणपतीत भरलेला रोल दिवाळी उलटली तरी संपायचा नाही. तीन-चार फोटो उरायचे, आणि ते संपल्याशिवाय रोल काढता यायचा नाही. घरातले गणपतीचे फोटो बघायला अधीर. मग ‘संपव एकदाचा’ असं कुणीतरी म्हणायचं, आणि जे समोर असेल त्यावर कॅमेरा रोखला जायचा. या फोटोंना विषय नसायचा. त्यामुळे त्यांत घर आलं. पितळी पिंप, त्यावर झाकण म्हणून ताट. दांडीवरचे टॉवेल. मोरीच्या कठड्यावर रचून ठेवलेल्या बादल्या. खिळ्याला अडकवलेली विजेची बिलं. भिंतीवर कालनिर्णय, आणि निगेटिव्ह मोठी करून पाहिली तर तारखांच्या चौकोनांत दुधाचे खाडे लिहिलेले. चाळीच्या गॅलरीत सुकणाऱ्या पापडांवर राखण करणारी, आणि राखण करता करता त्यातलाच एक खाणारी शेजारची मुलगी.

आणि स्वयंपाकघरात आई. अल्बमातली आई प्रत्येक फोटोत ठेवणीतल्या साडीत, हात पुढे जुळवून उभी. वर्षानुवर्षं तीच मुद्रा, फक्त मागची स्थळं बदलतात. रोलच्या शेवटच्या चौकटींत ती ओट्याशी पाठमोरी आहे, पोळी उलथते आहे, आणि एकात मान वळवून ‘हा कसला फोटो’ अशा चेहऱ्याने बघते आहे. कॅमेरा बहुतेक घरांत पुरुषांच्या हाती असायचा. बाईचं रोजचं काम फोटो काढण्याजोगं आहे हे त्यांच्या मनातही यायचं नाही. तिच्या कामाचा जो काही पुरावा घरोघर उरला आहे, तो उरलेला रोल संपवण्याच्या घाईने दिलेला आहे.

न दाखवलेल्या फोटोंचा विषय निघाला की हल्ली व्हिव्हियन मायरचं नाव हटकून येतं. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणारी ही बाई, आणि २००७ मध्ये लिलावात निघालेल्या तिच्या सामानात सापडलेलं फोटोंचं भांडार. दोन वर्षांनी ती वारली. तिची कथा विलक्षण आहे, पण हौशी माणसाने ती मनाला लावून घेऊ नये. आपल्या कपाटात मायर नसते. मला जास्त उपयोगी वाटतो गॅरी विनोग्रँड. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेला हा फोटोग्राफर रोल लगेच धुवायचाच नाही. फोटो काढतानाचा उत्साह पूर्ण विसरला जावा, मगच निवड करावी, असा त्याचा हिशोब. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २५०० रोल धुवायचेच राहिले होते. त्याने ठरवून जे अंतर ठेवलं ते आपल्या बाबतीत आळसाने आणि पैशांच्या तंगीने आपोआप पडलं आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं तर उमराव सिंह शेरगिल. अमृता शेरगिलचे वडील, स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो आयुष्यभर हौसेने काढत राहिले. त्यांच्या नातवाने, विवान सुंदरम यांनी, २००१ च्या सुमारास ते फोटो एकमेकांत गुंफून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. कुटुंबाच्या फोटोंना दुसरा वाचक दोन पिढ्यांनी मिळतो, तो असा.

फिल्मचा काळ संपला आणि डिजिटल कॅमेरे आले, तेव्हा आता काहीच वाया जाणार नाही असं वाटलं होतं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्याच दहा वर्षांत झालं. साधारण २००० ते २०१०. सुरुवातीची कार्डं एवढीशी, त्यामुळे सहलीतच, हॉटेलच्या खोलीत बसून, ‘हा उडव, हा उडव’ सुरू व्हायचं. पट्टीचं संरक्षण गेलं. लॅबमधला तरुण निदान निगेटिव्ह परत द्यायचा. उरलेले फोटो सीडीवर गेले, आणि त्यातल्या कितीतरी सीड्या आता उघडत नाहीत. पणजोबांचा कृष्णधवल फोटो आजही स्वच्छ आहे, कारण त्यातली चांदी टिकते. भाच्याच्या बारशाचे फोटो मात्र एका मेलेल्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. त्यानंतरच्या मोबाइलच्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तिथे काही बाद होत नाही आणि काही पाहिलंही जात नाही.

ज्यांना आपली पाकिटं उघडायची असतील त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पाकीट उघडल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर त्या पट्ट्या आधी घ्या आणि बाकीच्यांपासून दूर ठेवा. फिल्मचा पायाच कुजू लागल्याची ती खूण आहे. आपल्या हवेत बुरशी ठरलेली. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, नुसत्या ब्लोअरने धूळ उडवा. पावसाळ्यात हे काम काढूच नये. रंगीत प्रिंट अंधारात ठेवूनही लालसर पडतात, तेव्हा प्रिंटपेक्षा निगेटिव्ह स्कॅन करणं शहाणपणाचं. पस्तीस मिलिमीटरची चौकट २४०० डीपीआयला घेतली तर साडेसात मेगापिक्सेलच्या वर फोटो मिळतो. घरगुती कामाला तेवढं पुष्कळ झालं. आणि ‘सुधारणा’ बेताने. एका परिचिताने सगळ्या स्कॅनमधून विजेच्या तारा पुसून टाकल्या. सलोन अजून माणसांच्या डोक्यातून गेलेलं नाही.

पट्टीतला प्रत्येक फोटो बाहेर काढायलाच हवा असंही मी मानत नाही. जुना दिसतो म्हणून वाईट फोटो चांगला होत नाही. डबलडेकर आली म्हणजे माहिती आली, चित्र आलं असं नाही. काही फोटो तर मुद्दाम दाखवले गेले नव्हते. एका लग्नातल्या चौकटीत दोन काका एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत, आणि तो अबोला का होता हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो फोटो नको आहे. आत्याने आपला एक फोटो बघून स्वच्छ सांगितलं, ‘हा मी असेपर्यंत कुणाला दाखवायचा नाही.’ फोटोत काही नाही, फक्त ती थकलेली दिसते. पण शब्द तिचा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना तर असं सांगायची सोयही नसते. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो तेव्हा ‘मानवी विषय’ म्हणून स्पर्धेला चालायचा. तसले माझे होते ते मी स्कॅनरवर ठेवलेच नाहीत.

बाकीच्यांवर सध्या काम चालू आहे ते साल ठरवण्याचं, कारण पाकिटांवर तारखा नाहीत. गाड्यांच्या नंबरपाट्या, दुकानाच्या फलकावरच्या फोन नंबरातले आकडे, बॉम्बे की मुंबई, असं बघत जायचं. सिनेमाचं पोस्टर दिसलं तर काम सोपं होतं, एवढा एक अपवाद सोडून. मुंबई सेंट्रलला मराठा मंदिरसमोर काढलेला आमचा एक फोटो आहे आणि मागे ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा फलक स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये लागलेला तो सिनेमा तिथे वीस वर्षांहून जास्त चालला, त्यामुळे त्या पुराव्याचा उपयोग शून्य. मावसभावाचं म्हणणं, फोटो शहाण्णवचा. मी म्हणतो दोन हजारनंतरचा. शेवटी पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या फ्रॉकवरून ठरवायचं असं झालं. तर तो फ्रॉक आधी थोरलीने घातला होता आणि मग धाकटीने, फोटोत त्या मुलीने नेमकं तोंड फिरवलं आहे, आणि ती आपणच आहोत असं दोघीही म्हणत आहेत.