खाजकुइलीची शेंग आणि घशातला सांधा

दिवाळी उलटली की नाशिक रोडची पोरं इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांत भटकायला निघतात. घरातलं कुणीतरी मोठं माणूस निघताना बजावतं, झुडपावर तपकिरी मखमली शेंगा लोंबताना दिसल्या तर लांब राहा. ती खाजकुइली. कुणी तिला कुहिली म्हणतं, काष्ठौषधीच्या दुकानात तिच्याच बियांना कवचबीज म्हणतात. शाळेत बाकावर ती गुपचूप पसरणारा एक तरी महाभाग प्रत्येक पिढीत निघतो, आणि मग कुणी राख चोळतं, कुणी शेण लावतं, बाकीचा वर्ग हसतो.

या शेंगेची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्या बाहेरच्या लवेमुळे त्वचेच्या दाहावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना खाजेचा एक नवाच रस्ता सापडला. आणि त्या लवेच्या आत, सालीपलीकडे, कंपवाताचं म्हणजे पार्किन्सनचं औषध बसलेलं आहे. एकाच वेलीने अशी दोन टोकं धरून ठेवावीत याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आधी लव. तिचा एकेक केस दोनेक मिलिमीटरचा, टोकदार, त्वचेच्या अगदी वरच्या थरात जेमतेम रुतणारा. तो टोचतो म्हणून खाजतं, असं कुणालाही वाटेल. पण हेच केस चांगले तापवून घेतले तर ते तितकेच टोकदार राहतात, तितकेच रुततात, आणि खाज मात्र सुटत नाही. म्हणजे दोष टोकाचा नाही. केसात काहीतरी आहे, आणि ते उष्णतेने मरतं. १९५५ साली अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर शेली आणि त्यांचे सहकारी आर्थर यांनी ते शोधलं. प्रथिनं कापणारं ते एक एन्झाइम होतं. खाजकुइलीच्या म्युक्युना या शास्त्रीय नावावरून त्याचं नाव पडलं म्युक्युनेन.

ते नेमकं कापतं काय, हे कळायला २००८ उजाडलं. बॉस्टनमधल्या एथन लर्नर यांच्या गटाने दाखवलं की त्वचेतल्या मज्जातंतूंवर काही ग्राहक-प्रथिनं असतात, आणि म्युक्युनेन त्यांच्या बाहेर डोकावणाऱ्या शेपटाचा तुकडा पाडतं. शेपूट तुटलं की उरलेलं टोक त्याच ग्राहकाला जाऊन चिकटतं आणि त्याला जागं करतं. बाहेरून कुठला निरोप यावाच लागत नाही, प्रथिन स्वतःच्याच तुटक्या टोकाने चेततं.

यात आपल्या घरच्या अनुभवाचं एक कोडं सुटतं. अंगावर पित्त उठलं की ॲलर्जीची गोळी घेतो आणि तासाभरात बरं वाटतं, कारण ती खाज हिस्टामिनची असते आणि गोळी हिस्टामिनलाच अडवते. इसब झालेल्या मुलाला मात्र तीच गोळी दिली तर त्याला फार तर झोप येते, खाजवणं थांबत नाही. इसबाची बरीचशी खाज हिस्टामिनच्या वाटेने जातच नाही. घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांमध्येही प्रथिनं कापणारी एन्झाइमं असतात, दाह झालेल्या त्वचेत तर ती मुबलक. हिस्टामिनचे मज्जातंतू वेगळे आणि खाजकुइलीचे वेगळे, हे माणसांवरच्या प्रयोगांत मोजून पाहिलं गेलं. त्या प्रयोगांत स्वयंसेवकांच्या हातावर मोजून काही केस टोचतात. शाळेतल्या बाकावरचा उद्योग, फक्त संमतीपत्रावर सही घेऊन.

आता बी. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगेतून लेव्होडोपा वेगळं काढलं आणि अडीच ग्रॅम स्वतःच गिळून पाहिलं. भडाभडा उलट्या झाल्या. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून तेच द्रव्य वेगळं केलं. बियांच्या वजनात ते साधारण चार ते सहा टक्के असतं, म्हणजे वनस्पतींच्या हिशेबाने प्रचंडच. किड्यांनी बी खाऊ नये म्हणून वेल ते साठवते, असं मानतात. माणसाला त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो उपयोग कळला तोही दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीच्या आडवाटेने. सर्पगंधेतून मिळणारं रिसर्पिन सशांना टोचलं की ते लुळे होऊन बसत. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी अशा सशांना लेव्होडोपा दिलं आणि ससे उठून हिंडू लागले. त्या ओळीतल्या कामाला २००० साली नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिएविच आणि एरिंगर यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन जवळजवळ संपलेलं आढळल्याचं सांगितलं. डोपामिन थेट देऊन उपयोग नसतो, रक्तातून मेंदूत त्याला प्रवेश नाही. लेव्होडोपाला आहे, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी ते तोंडाने, हळूहळू वाढवत द्यायला सुरुवात केली, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. आजही पार्किन्सनचं मुख्य औषध तेच आहे.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली खाजकुइलीच्या बियांची पूड देऊन पार्किन्सनच्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९९५ मध्ये एचपी-२०० नावाच्या पुडीचा ६० रुग्णांवरचा अभ्यास आला. २००४ साली लंडनमध्ये आठच रुग्णांवर, पण काटेकोर चाचणी झाली. ३० ग्रॅम पुडीचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला, नेहमीच्या गोळीला ६८ लागली. म्हणून कुणी दुकानातून कवचबीज आणून चमच्याने खाऊ लागू नये. प्रत्येक बीत लेव्होडोपा किती हे सांगता येत नाही, आणि आधीच गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून मात्रा भलतीच होते.

मुंबईचाच आणखी एक अभ्यास इथे सांगायला हवा. नाशिक रोडहून रिक्षाने देवळाली कॅम्पात गेलं की पारशी सॅनिटोरियम लागतं, हवापालटासाठी पिढ्यान्‌पिढ्या तिथे येणारी मंडळी मुंबईची. त्या मुंबईतल्या पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सुमारे १४ हजार लोकांची पाहणी केली. १९८८ साली ती प्रसिद्ध झाली. लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन. समाजात वृद्धांचं प्रमाण मोठं, हे त्याचं एक कारण. वय वाढलेल्या समाजात हा आजार किती पसरतो याचं चित्र त्या पाहणीने फार लवकर दाखवलं.

गोळीने हाताचा थरकाप कमी होतो, पाऊल मोकळं पडतं. आणि तरी जेवताना ठसका लागत राहतो. लेव्होडोपाचं सगळं यश या एका जागी अडखळतं. ती जागा म्हणजे घसा.

नाशिक रोडच्या बिटको चौकात उभं राहून चहाचा एक घोट घ्या आणि तो गिळताना लक्ष द्या. लक्ष दिलं तरी फारसं काही कळणार नाही, कारण सगळं सेकंदभरात उरकतं. जीभ घोट मागे ढकलते. मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करते. स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, त्यावर एक कूर्चेची पट्टी आडवी होते. श्वास थांबतो. अन्ननलिकेच्या तोंडाशी जो स्नायू एरवी आवळलेला असतो, तो नेमक्या त्या क्षणी सैल पडतो, आणि घोट खाली जातो. यात दोन डझनांहून अधिक स्नायूंच्या जोड्या कामाला लागतात, आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड मज्जातंतूंपैकी पाच. हुकूम सोडणारं केंद्र मेंदूच्या अगदी तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला. दिवसात आपण काही शे वेळा गिळतो, बहुतेकदा नुसती लाळ.

नाशिक रोड स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की गाडी येण्याआधी रूळ सरकताना दिसतात. सांधा बदलला नाही तर गाडी भलत्याच मार्गावर जाते. आपल्या घशात हवेचा आणि अन्नाचा मार्ग असाच एकमेकांना छेदतो. नाकातून येणारी हवा पुढे श्वासनलिकेत जायची, तोंडातून येणारं अन्न मागे अन्ननलिकेत. दर घोटाला सांधा बदलायचा आणि परत जागेवर आणायचा. त्यातही एक बारीक युक्ती आहे. बहुतेक माणसं श्वास सोडता सोडता गिळतात आणि गिळून झालं की उरलेला श्वास सोडतात. घशात काही कण मागे राहिला असेल तर तो बाहेर फुंकला जातो. पार्किन्सनमध्ये हा क्रम बिघडतो. गिळून झाल्या झाल्या श्वास आत घेतला जातो, आणि राहिलेला कण त्याच्यासोबत.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा जणांवरून या रोगाचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं. त्यातले काही तर त्यांनी रस्त्यातून जाताना पाहिलेले होते. त्या छोट्या पुस्तकातही घास घोळवता न येणं, गिळायला त्रास होणं आणि तोंडातून लाळ गळणं हे सारं आहे. लाळ जास्त होते म्हणून गळते, असं घरच्यांना वाटतं. उलट ती कमीच होत असते. माणूस गिळायचं विसरतो, म्हणजे त्याचा मेंदू ते आपोआप घडवून आणणं कमी करतो, आणि लाळ साठत जाते.

रुग्णाला विचारलं तर दहांतले तीन-चार जण गिळायला अडचण होते असं सांगतात. एक्स-रेच्या पडद्यावर बेरियमचा घोट गिळताना पाहिलं, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं, तर दहांतल्या आठांत बिघाड दिसतो. मधल्या चार-पाच जणांना स्वतःच्या घशाचं काय चाललंय हे ठाऊकच नसतं. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि ठसकाही लागत नाही. ठसका लागणं ही तक्रार वाटते, पण तो पहारेकरी आहे. तो झोपला की मामला गंभीर. फुप्फुसात अन्न-पाणी जाऊन होणारा न्यूमोनिया पार्किन्सनमधल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे.

घसा इतका बधिर का होतो? २०१३ साली न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या लियानकाई मू आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या घशातले मज्जातंतू तपासले. मेंदूतल्या पेशींत जे अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन गोळा होतं, त्याचेच साठे घशाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंत आणि घशाची संवेदना नेणाऱ्या तंतूंतही सापडले. तिथे डोपामिनचा काही संबंधच नाही. गोळी घसा का सोडवत नाही, याचं निदान एक उत्तर यात मिळतं.

आणि हेच प्रथिन त्वचेत आहे. मानेवर, मांडीवर, घोट्याजवळ तीन मिलिमीटरची कातडी काढली तर घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या तंतूंत ते दिसतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पार्किन्सनच्या ९२.७ टक्के रुग्णांच्या त्वचेत ते मिळालं. त्वचारोगतज्ज्ञांना मात्र या रोगाचा चेहरा फार आधीपासून माहीत होता, अगदी शब्दशः. कपाळ तेलकट, भुवया आणि नाकाच्या कडेला लालसर, खपल्या धरलेला दाह, डोक्यात चिवट कोंडा. सेबोरिक डर्मेटायटिस. तेल जास्त, चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, आणि त्या तेलावर मॅलॅसिझिया ही बुरशी पोसते. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये बर्टन आणि शूस्टर यांनी लेव्होडोपाने हे तेल कमी होतं असं नोंदवलं. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला तर नवऱ्याच्या अंगाला येणारा कस्तुरीसारखा वास रोगाचं निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधी जाणवला होता. पुढे मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांनी पाठीवरच्या तेलातली ती द्रव्यं शोधायला घेतली, आणि २०१९ साली पहिली यादी छापली.

घशासाठी औषध नाही, पण व्यायाम आहे, आणि तो चमत्कारिक आहे. फ्लॉरिडात मिशेल ट्रोश आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ६० रुग्णांवर केलेला प्रयोग असा : स्प्रिंगची झडप असलेल्या नळीत जोराने फुंकायचं, इतकं की झडप उघडेल. दिवसाला २० मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे, घरीच. निम्म्यांना स्प्रिंग नसलेली खोटी नळी दिली होती. खऱ्या नळीवाल्यांचं गिळणं सुरक्षित झालं. फुंकणं आणि गिळणं यांचा संबंध काय, असं वाटेल. जोराने फुंकताना हनुवटीखालचे तेच स्नायू ताणले जातात, जे गिळताना स्वरयंत्र वर उचलतात. खोकल्याचा जोरही त्यातूनच येतो.

घरात करायची एक तपासणी याहूनही सोपी आहे. घोटभर पाणी पिऊन झाल्यावर आजोबांना ‘आऽऽ’ म्हणायला सांगायचं. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला तर पाणी स्वरतंतूंवर बसलेलं असू शकतं, ठसका लागला नसला तरी. मग गोळ्यांची मात्रा वाढवायच्या आधी स्पीच थेरपिस्टकडे न्यायचं. बोलणं आणि गिळणं हे दोन्ही पाहणारा माणूस तोच.