पुढच्या चाकांची शिल्लक

उसाने भरलेली बैलगाडी उताराला लागली की गाडीवान बैलांना हाकत नाही, आवरतो. चढावर बैल गाडी ओढतात. उतारावर गाडीच बैलांना ढकलू लागते. सारा रेटा पुढे सरकून जुवावर, म्हणजे जनावरांच्या मानेवर येतो. दर हंगामात बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे कोणी शिकवावे लागत नाही. थांबायचे म्हटले की भार पुढे येतो. जगातल्या अतिवेगवान शर्यतींच्या मोटारींनी गेल्या काही वर्षांत याच साध्या गोष्टीतून कमाई करायला सुरुवात केली आहे.

मोटारीचा ब्रेक दाबला की आपण पुढे झुकतो, गाडीचे नाक खाली जाते. पुढची चाके रस्त्यावर दाबली जातात, मागची हलकी होतात. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढच्या चाकांकडे असते. पण थांबवणे म्हणजे तरी काय? इंधन जाळून कमावलेला वेग घर्षणाने उष्णतेत घालवणे. हजार किलो वजनाची गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्या अंगी जवळपास एक युनिट विजेइतकी ऊर्जा असते. घरच्या वीजबिलात मोजतात तेच हे युनिट. वळणाआधी वेग १०० वर आणला की त्यातला पाऊण भागाहून अधिक काही सेकंदांत ब्रेकच्या तबकड्यांत आणि हवेत विरून जातो. चोवीस तासांच्या शर्यतीत असे किती वेळा होत असेल!

हे वाचवण्याची युक्ती जुनीच आहे. विजेची मोटर चाक फिरवते. उलट चाकाने मोटर फिरवली तर ती जनित्र होते. वीज तयार करताना ती चाकाला अडवतेही. म्हणजे ब्रेकही लागला आणि वीजही मिळाली. फॉर्म्युला वनमध्ये ही योजना २००९ साली आली, पण मागच्या चाकांवर. तिथेच अडचण होती. ब्रेक लागताना मागची चाके हलकी होतात. त्यांच्याकडून फार वसुली केली तर ती घसरतात आणि गाडी गिरकी घेते. जिथे भार नाही तिथे वसुली करायची, असा तो प्रकार.

फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत २०१२ साली आउडीने ही मोटर पुढच्या आसावर बसवली. मिळालेली वीज बॅटरीत न साठवता प्रचंड वेगाने फिरणाऱ्या एका चक्रात ठेवली आणि ती शर्यत जिंकणारी पहिली हायब्रिड गाडी हा मान मिळवला. पुढच्या मोटरने ताशी १२० किलोमीटरच्या वरच जोर लावावा, असे नियमाचे बंधन होते. नाहीतर वळणातून बाहेर पडताना चारही चाकांच्या जोराचा तिला फारच फायदा झाला असता. पुढे पोर्शने २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे ती शर्यत जिंकली, तीही पुढच्या आसावरून ऊर्जा परत घेणाऱ्या गाडीने. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत जिंकलेल्या फेरारीच्या पुढच्या आसावरही २०० किलोवॉटची मोटर होती.

या खेळात मुंबईची एक कंपनीही आहे. केवळ विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई मालिकेत महिंद्रचा संघ २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे. २०२३ साली त्या मालिकेत तिसऱ्या पिढीची गाडी आली. तिच्या मागे ३५० किलोवॉटची मोटर आणि पुढे २५० किलोवॉटची. ही पुढची मोटर सुरुवातीला गाडी ओढतच नसे. तिचे काम फक्त वसुलीचे. दोन्ही मिळून ६०० किलोवॉटची पकड इतकी भक्कम, की मागच्या चाकांचे नेहमीचे तेलाच्या दाबावरचे ब्रेक काढूनच टाकले.

अर्थात सगळेच परत मिळत नाही. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला हे पटकन कळते: वेगाची वीज, विजेची साठवण, साठ्यातून पुन्हा वेग, प्रत्येक खिडकीवर थोडी कपात होतेच. शिवाय वेळ कमी. २०० किलोवॉटची मोटर तीन सेकंदांत फार तर एक षष्ठांश युनिट घेऊ शकते. ६०० किलोवॉटच्या जोडीला तेवढ्याच वेळात अर्धे युनिट साधते. राहिलेले काम तबकड्यांनाच करावे लागते. बॅटरी भरलेली असेल तर तिला आणखी घेताच येत नाही. चालकाच्या पायाला यातले काही जाणवू नये, म्हणून पेडलावरचा जोर मोटर आणि तबकड्या यांच्यात संगणक वाटून देतो.

हे केवळ श्रीमंतांच्या खेळातले नवल आहे असे मानू नये. पुण्यापर्यंतची रेल्वे १९२९ साली आणि इगतपुरीपर्यंतची १९३० साली विजेवर आली. बोरघाटात आणि थळघाटात धावणारी त्या काळची मालगाडीची इंजिने उतरताना मोटरी जनित्रांसारख्या चालवून वीज वरच्या तारेत परत सोडत. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. साठवणुकीचा प्रश्नच नव्हता. फक्त घेणारा हजर हवा.

आमच्या भागात घाट आहेत, घेणारा आताशा येऊ लागला आहे. पंधरा टनांची बस बालाघाटाच्या उतारावर शंभर मीटर खाली आली की सुमारे चार युनिट ऊर्जा सुटते. डिझेलच्या बसमध्ये ती ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाने गाडी रोखून धरण्यात जाते. घाटाच्या पायथ्याशी येणारा तो करपट वास याच खर्चाचा. एस.टी.ची पहिली विजेवरची बस १ जून २०२२ रोजी पुणे ते अहिल्यानगर मार्गावर धावली. बसचा बराच भार मागच्या आसावर असतो, त्यामुळे तिथल्याच मोटरकडून चांगली वसुली होते. शर्यतीच्या गाडीची नक्कल करायची गरज नाही. भार कुठे पडतो ते पाहून वसुली तिथे ठेवायची, एवढा धडा पुरे आहे.

बीडला पहिली रेल्वेगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली, तीही डिझेलवरची डेमू. अनेक पिढ्यांनी वाट पाहिलेल्या त्या गाडीचे स्वागत मनापासून झाले, ते योग्यच. आता मागणी पुढची हवी. मांजरसुंब्याच्या घाटात उतरणारी बस आणि बालाघाटाच्या पायथ्याने धावणारी रेल्वे, दोन्ही विजेवरच्या हव्यात. दुष्काळी मुलखाला थेंब न थेंब अडवायला सांगणाऱ्यांनी उतारावरून वाहून जाणारी ही ऊर्जाही अडवावी.