एकट्यानं टोमॅटोचं कॅनिंग : पहिली खेप

कॅनिंग म्हटलं की आपल्याला आठवतो तो कोकणातला कारखाना आणि मे महिन्यात भाव पडल्यावर ‘कॅनिंगला गेलेला’ आंबा. घरच्या ओट्यावर, तेही एकट्यानं हे करायचं असेल, तर आंब्याच्या नादी न लागता टोमॅटो घ्यावा. जुलै २०२३ मध्ये किलोमागे शंभरी ओलांडणारा हाच टोमॅटो एरवी भाव गडगडला की क्रेटच्या क्रेट मातीमोल जातो. त्या दिवसांत तीन किलो आणले तर चार बाटल्या भरतात. पहिल्या वेळी तेवढ्या पुरे.

लोणचं जमतं म्हणून हे जमेल असं नाही

लोणचं मीठ, आंबटपणा आणि तेल यांच्या जोरावर टिकतं. कॅनिंगमध्ये पदार्थ टिकतो तो उष्णतेमुळे आणि हवाबंद झाकणामुळे. निकोलस आपेर या फ्रेंच हलवायानं बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून अन्न टिकवलं आणि १८१० मध्ये सरकारकडून १२ हजार फ्रँकचं बक्षीस मिळवलं. अन्न का टिकतं हे मात्र त्यालाही सांगता येत नव्हतं. जंतूंचा उलगडा पुढे पाश्चरनं केला.

गोम अशी, की बाटलीतली हवा गेली की क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचं चांगलंच फावतं. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीलाही दाद देत नाहीत. आंबट पदार्थात, म्हणजे सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तिथं, ते वाढू शकत नाहीत. सगळा खेळ या एका आकड्याचा आहे. म्हणूनच मटार, मका, गाजर, उसळ, मटण हे साध्या उकळत्या पाण्यात कधीही कॅन करायचं नाही. त्यांना ११६ ते १२१ अंश तापमान देणारा खास प्रेशर कॅनर लागतो. ‘आमचा शिट्टीचा कुकर आहे की!’ हे उत्तर इथे चालत नाही. घरचा कुकर लहान असतो, पटकन तापतो आणि पटकन निवतो. कॅनिंगची वेळापत्रकं त्याच्यासाठी तयार केलेली नाहीत.

पाव चमचा लिंबूसत

टोमॅटो आपल्याला आंबट लागतो खरा, पण काही जातींचा आणि फार पिकलेल्या फळांचा सामू ४.६ च्या वर जातो. चव घेऊन ते कळत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीत वरून आंबट घालायचंच. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रमाणानुसार एका पाइंटला, म्हणजे सुमारे ४७० मिलीच्या बाटलीला, पाव टीस्पून सायट्रिक ॲसिड लागतं. वाण्याकडे ते लिंबूसत म्हणून मिळतं. ताजं लिंबू पिळू नये. एक लिंबू रसरशीत आंबट तर दुसरं मिळमिळीत, त्याचा हिशोब लागत नाही. चमचाही मापाचाच हवा, चहाचा नव्हे.

कांदा, लसूण, तेल, फोडणी यातलं काहीही बाटलीत जाऊ द्यायचं नाही. मीठ चालतं, पण तेही फक्त चवीपुरतं.

हाताखाली कोणी नाही

एकट्याची खरी अडचण कृतीत नसते. गरम रस भरलेली बाटली एका हातात असताना ‘जरा ते झाकण दे’ म्हणायला कोणी नसतं, अडतं ते तिथं. तेव्हा गॅस पेटवण्याआधीच सगळं हाताशी मांडून ठेवावं : झाकणं, लिंबूसत, मापाचा चमचा, ओली फडकी, नरसाळं. सिलिंडर किती उरलाय तेही पाहून घ्यावं.

बाटल्या मेसन पद्धतीच्या, सपाट झाकण आणि वेगळी कडी असलेल्या घ्याव्यात. जॅमच्या रिकाम्या बाटल्या या कामाच्या नाहीत. सपाट झाकणाचं रबरी अस्तरही एकदाच चालतं. कडी पुन्हा वापरता येते.

पातेलं उंच हवं. तळाला कुकरची जाळी, झाकणांवर किमान इंचभर पाणी आणि वर उकळी उसळायला जागा, एवढं त्यात मावलं पाहिजे. सांडशी ओल्या काचेवरून सटकते, म्हणून बाटल्या उचलायचा खास चिमटा आधीच मागवावा. एकट्या माणसानं हा खर्च टाळू नये.

भरणं आणि उकळणं

टोमॅटो अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात टाकले की साल तडकते. मग गार पाण्यात टाकून सोलायचे. देठाकडचा भाग आणि डागाळलेला गर काढून फोडी करायच्या. थोड्या फोडी आधी ठेचून तापवायच्या, बाकीच्या त्यात हळूहळू घालायच्या आणि पाच मिनिटं उकळू द्यायचं.

बाटल्या गरम पाण्यात तयार हव्यात. थंड काचेत उकळता रस पडला की ती तडकते. आपला ग्रॅनाइटचा ओटाही गार असतो, त्यामुळे घडी घातलेल्या टॉवेलवरच बाटली ठेवावी. लिंबूसत घालून रस भरायचा, वर अर्धा इंच जागा सोडायची. लाकडी काडी कडेनं फिरवली की अडकलेले बुडबुडे वर येतात. मग काठ पुसायचा. काठावर टोमॅटोची एक बी राहिली तरी झाकण धरत नाही. कडी बोटांनी बसेल तेवढीच आवळायची, मनगटाचा जोर लावायचा नाही.

पाणी खळखळून उकळायला लागल्यावरच घड्याळ लावायचं. मुंबई-रत्नागिरीत ३५ मिनिटं. पुणे, नाशिक, कोल्हापुरात ४०, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वरला ४५. नागपूर अगदी काठावर आहे, तिथंही ४० धरावीत. मध्येच उकळी थांबली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी

गॅस बंद करून पाच मिनिटांनी बाटल्या उभ्याच बाहेर काढाव्यात आणि १२ ते २४ तास हात लावू नये. गार होताना झाकणं ‘टक्’ करून आत बसतात. नंतर मधोमध बोट दाबून पाहावं. झाकण वरखाली झालं तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवावी. बाकीच्यांच्या कड्या काढून, तारीख लिहून त्या अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात आणि वर्षाच्या आत वापराव्यात.

फुगलेलं झाकण, पाझरलेला काठ, उघडताना उसळलेला फेस यातलं काहीही दिसलं, तर चाखून पाहायच्या भानगडीत पडू नये. बोट्युलिनमच्या विषाला वास असेलच असं नाही. त्यानं एकाचं दोन दिसतं, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही. असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

चांगल्या निघालेल्या बाटलीचं सार करताना आमसूल घालू नये, लिंबूसत आधीच आत आहे. गुळाचा खडा मात्र नेहमीपेक्षा थोडा मोठा लागतो.