गुंजभर सोन्यासाठी तीन दिवसांचा मुक्काम



"विहीर खणताना सोन्याची माळ सापडली आहे. कुणाला सांगू नका, तुम्हाला स्वस्तात देतो," असं म्हणत कुणी दारात आलं, तर तुम्ही काय कराल? हसू नका. अशा बोलण्याला भुलून अंगावरचा दागिना मोडून पैसे देणारी शहाणीसुरती माणसंही आहेत. भामट्याचं खोटं ओळखायचं, तर जमिनीतून सोनं खरोखर कसं निघतं आणि किती निघतं, हे आपल्याला ठाऊक हवं. म्हणून आज मी तुम्हाला हौसेनं सोनं शोधणाऱ्या लोकांच्या मुक्कामाला घेऊन जाणार आहे. ही माणसं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातली.

व्हिक्टोरियात १८५१ साली सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि जगभरातून माणसं तिकडे धावली. बॅलरॅट, बेंडिगो ही शहरं त्या सोन्यावरच उभी राहिली. सुरुवातीला सरकार प्रत्येक खणणाऱ्याकडून दरमहा परवान्याचे पैसे घ्यायचं, मग सोनं मिळो वा न मिळो. त्यावरून १८५४ मध्ये बॅलरॅटला मोठा उठाव झाला, माणसं मेली. त्यानंतर १८५५ मध्ये स्वस्तातला, वर्षाचा परवाना आला. त्याचं नाव 'मायनर्स राइट'. त्याच नावाचा परवाना आजही मिळतो. थोडी फी भरली की तो दहा वर्षं चालतो आणि सापडलेलं सोनं सापडणाऱ्याचं होतं.

आज तिथे हौशी लोकांचे क्लब आहेत. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी सुतार, कुणी नर्स. जोडून सुट्टी आली की तंबू, पाण्याचे कॅन, भांडीकुंडी गाडीत घालायची आणि डनॉली, वेडरबर्न अशा जुन्या सोन्याच्या गावांजवळच्या जंगलात दोन-तीन दिवस राहायचं. बायका-मुलंही बरोबर असतात. उन्हाळ्यात तिथे वणव्याची आणि सापांची भीती, म्हणून थंडीचे दिवस बरे.

पहिल्या संध्याकाळी नियम सांगितले जातात. परवाना प्रत्येकाच्या खिशात हवा. फक्त हातानं चालवायची अवजारं वापरायची, खोदायचं यंत्र किंवा सुरुंग नाही. कुणाच्या खासगी जमिनीत मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. काही नद्या-ओढ्यांत आणि बऱ्याच राखीव जंगलांत मनाई आहे, तिथे जायचं नाही. मूळ रहिवासी आदिवासींच्या जुन्या जागांना हात लावायचा नाही. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवूनच पुढे जायचं. जंगलात दीडशे वर्षांपूर्वीच्या खाणींची उघडी तोंडं आहेत, त्यामुळे एकट्यानं भटकायचं नाही, मुलांना नजरेआड करायचं नाही. जुन्या खाणींच्या मातीत आर्सेनिक हे विष असू शकतं, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही.

आता सोनं काढायची रीत. ती तुम्हाला अर्धी आधीच येते. आपण तांदूळ रोळतो तेव्हा काय होतं? परात हलवली की तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि जड खडे मागे राहतात. सोनं असंच काढतात. फरक एवढाच, की आपण खडे टाकून देतो आणि त्यांना मागे राहिलेला खडाच हवा असतो.

हे जमतं ते सोन्याच्या वजनामुळे. एका वाटीत १०० ग्रॅम पाणी मावत असेल, तर त्याच वाटीच्या मापाचा गारेचा भरीव दगड सुमारे २६५ ग्रॅम भरेल. पितळ असेल तर ८५० ग्रॅमच्या आसपास. आणि सोनं? १,९३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन किलो! डोंगरातल्या गारेच्या शिरांमध्ये सोनं असतं. ऊनपावसानं दगड झिजतो, सोनं सुटतं, पुराबरोबर ओढ्यात येतं आणि पाण्याचा जोर कमी होतो तिथे बसतं. म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळच्या खडकाच्या भेगांत. हौशी लोक तिथलीच माती बादलीत भरतात.

मग पसरट थाळीत ती माती घेऊन पाण्यात मोकळी करायची. ओढा कोरडा असेल तर मुक्कामावर टबात पाणी भरून ठेवतात. गोटे धुऊन बाहेर काढायचे. थाळी पाण्याखाली डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे जड असेल ते तळाशी जातं. मग थाळी जरा तिरकी करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर जाऊ द्यायची. पुन्हा हलवायची, पुन्हा जाऊ द्यायची. शेवटी चमचाभर काळी, लोखंडाच्या अंशाची वाळू उरते. थोडं पाणी ठेवून ती सावकाश फिरवली, की मागे एखादा पिवळा ठिपका दिसतो. दिसला तर! बऱ्याच थाळ्यांत काहीच नसतं.

काही जण मेटल डिटेक्टर घेऊन फिरतात. जमिनीखाली धातू असला की हे यंत्र आवाज करतं. पण ते बाटलीच्या झाकणालाही वाजतं, जुन्या खिळ्यालाही आणि बंदुकीच्या छऱ्यालाही. दिवसभर वाकून खणायचं आणि पिशवीत काय, तर गंजलेले खिळे.

संध्याकाळी सगळे एकत्र बसतात आणि काचेच्या इवल्या बाटल्या हातोहात फिरतात. त्यांत पाणी आणि तळाशी सोन्याचे कण. आपल्याकडे ९६ गुंजांचा तोळा. तीन दिवसांत कुणाला गुंजभर सोनं मिळालं तरी सगळ्या मुक्कामावर आनंद होतो. पेट्रोल, जेवणखाण, यंत्र यांचा खर्च धरला तर हिशेब बहुतेक वेळा तोट्याचाच. चांगलं यंत्र हजारो डॉलरला येतं. पण त्यांनी हौसेला पैसे घातलेले असतात, सोन्यावर संसार चालवायला ते आलेले नसतात. म्हणून रिकाम्या हातानं परतणाराही हसतच जातो.

मोठं सोनं कधीच सापडत नाही, असं नाही. १८६९ साली मोलियागुल इथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना जमिनीखाली जेमतेम बोटभर अंतरावर ७० किलोपेक्षा जास्त सोन्याचं ढेकूळ मिळालं. एवढा मोठा तराजू डनॉलीत नव्हता, म्हणून ते ऐरणीवर फोडून तोलावं लागलं. १९८० मध्ये किंगोवर गावाजवळ यंत्राच्या मदतीनं सुमारे २७ किलोचं ढेकूळ सापडलं. या गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच शंभरदा सांगितल्या जातात. रिकाम्या थाळ्यांची गोष्ट कोण सांगतं?

आपल्याकडचे झारेकरी सोनारांच्या दुकानांतली राख आणि केर विकत घेऊन धुतात, तीही हीच विद्या. दिवसभराच्या मेहनतीनंतर हाती येतात ते कणच.

आता दारातल्या त्या माणसाकडे परत वळू. तो म्हणतो, माळ सापडली. मातीतलं सोनं ओबडधोबड कणांत आणि ढेकळांत असतं, एकसारखे मणी होऊन निघत नाही. तो म्हणेल, हे पूर्वजांनी पुरलेलं गुप्तधन आहे. तसं असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुपचूप विकणारा अडचणीत येतो आणि घेणाराही.

त्याची खरी चलाखी नमुन्यात असते. तो एक-दोन मणी देतो आणि म्हणतो, सोनाराकडून तपासून आणा. ते मणी खरे असतात. सोनार "सोनं आहे" म्हणतो, आपला विश्वास बसतो, आपण पैसे जमवतो. मग हातात पडते ती पितळेची माळ. म्हणून नमुना तपासला म्हणजे माल तपासला असं समजू नका.

सोनं घ्यायचं तर दुकानातून, पावतीसह, हॉलमार्क पाहून घ्या. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की दागिन्याची माहिती दिसते. "कुणाला सांगू नका" असं म्हणणाऱ्या माणसाची गोष्ट सगळ्यांत आधी गटाच्या बैठकीत सांगा. बैठकीत ठराव झाल्याशिवाय अशा कामासाठी बचतीतला रुपया काढू नका, कर्जही देऊ नका. माणूस गावात फिरत असेल तर पोलीस पाटलांना कळवा किंवा ११२ वर फोन करा.

परवाना, यंत्र, अनुभव सगळं असलेली माणसं तीन दिवस घाम गाळतात आणि गुंजभर सोन्यावर खूश होतात. मग अनोळखी माणूस ओंजळभर सोनं अर्ध्या किमतीत आपल्याच दारात का आणेल? पुढच्या बैठकीत हा प्रश्न एकमेकींना जरूर विचारा.