फोनवर चालतंय, लॅपटॉपवर नाही: घरचं वाय-फाय दुरुस्त करताना

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी भाग आहेच. ज्यांना समोर ठेवून सेटिंग बदलायची आहे, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

गेल्या पावसाळ्यात आमगावहून मावसभावाचा फोन आला. "दादा, वाय-फाय गेलं. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे, अन् लॅपटॉपवर नेट चालूनच नाही राहिलं." आदल्या रात्री वादळात दोन-तीनदा लाईट गेली होती. मावशीला कोणीतरी सांगितलं होतं, राऊटर जळला, नवीन घ्या. म्हणजे दीड-दोन हजारांचा फटका, आणि तो येईपर्यंत तारीख गेलेली.

मी त्याला दोनच गोष्टी करायला सांगितल्या.

पहिली: फोनचा मोबाईल डेटा बंद कर, घरच्या वाय-फायवर यूट्यूब लाव. लागलं. म्हणजे राऊटर जळला नव्हता आणि बाहेरून येणारी लाईनही ठीक होती. इथे मोबाईल डेटा बंद करायला विसरू नका. नाहीतर फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि आपण फसतो.

दुसरी: आता डेटा चालू कर, फोनचा हॉटस्पॉट लाव आणि लॅपटॉप त्याला जोड. जोडला गेला. म्हणजे लॅपटॉपचं वाय-फाय कार्डही ठीक. "आधी याच्यावर फॉर्म भर, बाकीचं मग बघू," म्हटलं. अर्ध्या तासात फॉर्म लॉक झाला आणि मावशीचा जीव भांड्यात पडला.

मग दुरुस्तीला बसलो. राऊटर ठीक, लॅपटॉप ठीक, तरी दोघांची गाठ पडत नव्हती. लॅपटॉपच्या यादीत शेजाऱ्यांची वाय-फाय दिसत होती, फक्त घरचं नाव नव्हतं. खूण इथेच होती.

घरचं वाय-फाय साधारणपणे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. बऱ्याच जुन्या लॅपटॉपना फक्त २.४ कळतं. रेडिओवर जशी वेगवेगळी स्टेशनं, तशी या पट्ट्यात चॅनेल असतात. भारतात २००५ साली सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला केला. त्यात १ ते १३ चॅनेल बसतात. अमेरिकेत मात्र राऊटर सहसा ११ पर्यंतच चालवतात. काही लॅपटॉपची कार्डं त्याच अमेरिकी सेटिंगवर असतात. त्यांना १२ आणि १३ वरचं वाय-फाय दिसतच नाही.

राऊटरचं चॅनेल 'ऑटो'वर असेल, तर लाईट जाऊन आल्यावर तो नव्याने चॅनेल निवडू शकतो. त्या रात्री त्याने १३ निवडलं होतं. म्हणून काल चालणारं वाय-फाय आज गायब!

उपाय फोनवरूनच झाला. फोन घरच्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडलं. तुमचा पत्ता वेगळा असू शकतो, तो आणि लॉगिन राऊटरच्या खालच्या स्टिकरवर बघा. वायरलेसमध्ये २.४ च्या पानावर चॅनेल 'ऑटो'ऐवजी ६ केलं आणि सेव्ह केलं. १, ६ आणि ११ ही तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून यातलंच एखादं घ्यायचं. दोन मिनिटांत लॅपटॉपवर नाव दिसलं. खर्च शून्य.

तुमच्याकडे वेगळं काही दिसत असेल, तर असं बघा:

फोनवरही चालत नाही: लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा दिवा लाल असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाही. तक्रार नोंदवा.

लॅपटॉपवर एकही वाय-फाय दिसत नाही: एअरप्लेन मोड आणि कीबोर्डवरचं वाय-फायचं बटण बघा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड डिसेबल आहे का ते बघा.

नाव दिसतं, पण जोडलं जात नाही: नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. तरी नाही झालं, तर राऊटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का ते बघा. जुन्या लॅपटॉपला डब्ल्यूपीए२ लागतं.

जोडलंय, पण 'नो इंटरनेट': वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपचं वाय-फाय बंद-चालू करा, मग राऊटर रीस्टार्ट करा.

नेट आहे, पण प्रत्येक साईट 'सुरक्षित नाही' म्हणते: लॅपटॉपची तारीख-वेळ तपासा. बरेच महिने बंद पडलेल्या लॅपटॉपची तारीख मागे गेलेली असू शकते.

नुसतं स्लो आहे: राऊटर लोखंडी कपाटावर किंवा कूलरच्या मागे आहे का? आपल्याकडचा पत्र्याचा कूलर, त्यात पाण्याची टाकी. पत्रा सिग्नल परतवतो आणि पाणी तो शोषतं. राऊटर उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. मातीच्या जाड भिंतींचं घर असेल, तर ज्या खोलीत बसता तिथेच आणा.

आणि एक कळकळीची विनंती. राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून 'रीसेट' करू नका. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीसेट केलं की कंपनीने भरून दिलेलं युजरनेम-पासवर्डसुद्धा पुसलं जाऊ शकतं, मग माणूस येईपर्यंत सगळं घर नेटविना.

तर पुढच्या वेळी कोणी "नवीन राऊटर घ्या" म्हटलं, की आधी या दोन चाचण्या करा: फोन वाय-फायवर, लॅपटॉप हॉटस्पॉटवर. तरी अडलात, तर दोन्हींत काय दिसलं ते लिहून पाठवा, पासवर्ड मात्र पाठवू नका. भेटू पुढच्या भागात!