फ्लॉपवर किती लावायचे?

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात, बेटिंगची पहिली फेरी होते आणि मग टेबलावर तीन पाने उघडी पडतात. हा फ्लॉप. टर्न आणि रिव्हर ही दोन पाने अजून यायची असतात. नो-लिमिट खेळात इथे समोरच्या सगळ्या चिप्सही लावता येतात, त्यामुळे रकमेबद्दलचे सांगोवांगीचे नियम भरपूर आहेत. पुढच्या उदाहरणांत पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, १,००० चिप्सचा धरला आहे.

गैरसमज १: पाने भक्कम असली की मोठी बेट, कमजोर असली की छोटी.

वस्तुस्थिती: असे खेळणारा आपली पाने जणू उघडी करूनच बसतो. मोठी बेट आली की पाने टाकायची आणि छोटी आली की रेझ करायचे, हे समोरच्याला लवकरच कळते. जाणते खेळाडू रक्कम ठरवताना आधी फ्लॉप पाहतात आणि हात जोरदार असो वा ब्लफ, तीच रक्कम लावतात.

गैरसमज २: फ्लशची वाट पाहणाऱ्याला हुसकावायला जबर बेटच हवी.

वस्तुस्थिती: त्याला हुसकावायचे नसते, कॉल महाग पडेल एवढेच पाहायचे असते. समजा तुमच्याकडे जोडी आहे आणि त्याची फ्लॉप धरून चार बदाम झाली आहेत; पाचवे आले की फ्लश. त्याने न पाहिलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरतात, म्हणजे टर्नला फ्लश लागण्याची शक्यता १९ टक्के. तुम्ही ५०० लावले, तर १,५०० जिंकायला त्याला ५०० घालावे लागतात. त्यासाठी २५ टक्के संधी हवी. पुढच्या फेऱ्यांत जास्त मिळेल ही आशा सोडली, तर अर्धा पॉटही त्याला तोट्याचाच. उलट तुम्ही शेवटचे १,००० लावून ऑल-इन झालात, तर त्याला दोन्ही पाने पाहायला मिळतात. शक्यता ३५ टक्के होते आणि गरज असते ३३ टक्क्यांची. म्हणजे मोठ्या बेटमुळेच त्याचा कॉल योग्य ठरतो.

गैरसमज ३: ब्लफ मोठा असेल तरच चालतो.

वस्तुस्थिती: १,००० चा ब्लफ दोनदा केला, तर निदान एकदा तरी समोरच्याने पाने टाकायला हवीत. ३३० चा ब्लफ चारांत एकदा चालला, तरी पैसे वसूल होतात. हातात जोडी नसेल, तर फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही जुळण्याची शक्यता ३२ टक्क्यांच्या आसपास असते. समोरच्याचेही बहुतेकदा काही जुळलेले नसते, म्हणून छोटी बेटही पुष्कळदा पुरते.

गैरसमज ४: अर्धा पॉट ही सर्व फ्लॉपवर सुरक्षित रक्कम.

वस्तुस्थिती: इस्पिक राजा, बदाम सत्ती, चौकट दुर्री असा फ्लॉप कोरडा असतो. फ्लश-स्ट्रेटची वाट नाही आणि राजा, एक्का ही पाने आधी रेझ करणाऱ्याकडे असण्याची शक्यता अधिक. तिथे पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची बेट बऱ्याच हातांनी लावता येते. गुलाम, दश्शी, नव्वी आणि त्यांतली दोन इस्पिक, असा फ्लॉप कॉल करणाऱ्यालाही भरपूर जुळतो. तिथे कमी हातांनी, पण मोठी बेट लावणे बरे. पॉटपेक्षा जास्त लावू नये हाही नियम नाही. २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणकप्रणालीने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, तेव्हा तिने पॉटच्या कित्येक पट बेटही लावल्या होत्या.

गैरसमज ५: हिशेब पक्का असला की पैसा हमखास, आणि कौशल्याचा खेळ म्हणून तो भारतात ऑनलाइन खेळायला मुभा आहे.

वस्तुस्थिती: १९ टक्के शक्यता म्हणजे जवळपास पाचांतून एकदा बदाम येणारच. योग्य बेट लावूनही तो डाव जातो, हिशेब जुळतो तो हजारो डावांनंतर. आणि भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या कायद्याने ठेवलेला नाही.